चातुर्मासातला दौरा

आमच्या बँडचा परदेश दौरा पंचांग पाहून ठरतो, हे सांगितले की ऐकणाऱ्याला आधी खरे वाटत नाही. आम्ही अकरा जण आहोत, आणि त्यांतले तिघे लग्नाच्या बँडपार्टीतून आलेले आहेत: दोघे ट्रंपेट वाजवतात आणि ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो ते युफोनियम, म्हणजे खर्जात बोलणारे मोठे पितळी वाद्य, वाजवतात. तुळशीचे लग्न लागले की या तिघांचे मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. ऑर्गन वाजवणारा मित्र झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या पट्ट्यातला आहे. दिवाळी झाली की तो नागपूरहून वडशाला जातो आणि होळीपर्यंत नाटक कंपनीबरोबर चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावांमधून फिरतो. तिथे रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि दुसऱ्या दिवशी तेच सामान घेऊन दुसरे गाव गाठायचे असते. म्हणजे अकराही जण एकाच वेळी मोकळे असतात ते फक्त चातुर्मासात, आणि युरोपात उघड्या मैदानावरचे संगीत महोत्सव भरतात तेही नेमके त्याच दिवसांत. हा योग आम्ही जुळवून आणलेला नाही, तो आपोआप जुळला.

2023 साली अधिक श्रावण आला. आषाढी एकादशी 29 जूनला होती आणि कार्तिकी थेट 23 नोव्हेंबरला, म्हणजे जवळजवळ पाच महिने एकही मुहूर्त नव्हता. मी हे सरावाच्या खोलीत मोठ्या आनंदाने जाहीर केले, कारण हिशेब आणि कागदपत्रे माझ्याकडे असतात आणि मला तारखाच तारखा दिसत होत्या. मग दोन ट्रंपेटवाल्यांतला धाकटा काहीच बोलत नाही, हे माझ्या लक्षात आले. ज्या पाच महिन्यांना मी मोकळे महिने म्हणत होते, त्या पाच महिन्यांत त्याच्या घरी एकही सुपारी येणार नव्हती.

मोठ्या बँडचे स्वप्न आम्ही बाहेरूनच पाहिले होते, हे मान्य केले पाहिजे. मॉन्ट्रियलच्या आर्केड फायर या बँडला 2011 साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. अमेरिकेत तो अल्बम मर्ज नावाच्या लहान स्वतंत्र कंपनीने काढला होता. व्हायोलिनपासून अकॉर्डियनपर्यंत वाद्ये घेऊन इतकी माणसे एका मंचावर उभी राहतात आणि मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय अमेरिकेत इतकी दूर जातात, हे पाहून व्हायोलिन शिकलेल्या माझ्यासारख्या मुलीला रॉक बँडमध्ये आपलीही जागा असू शकते असे पहिल्यांदा वाटले. त्या माणसांना एका गावाहून दुसऱ्या गावी कसे नेतात, हा प्रश्न तेव्हा मनात आलाच नव्हता.

आज विचाराल तर मोठ्या बँडचा पहिला प्रश्न तोच आहे. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासह नऊ जणांची गाडी चालवता येते. चार-पाच जणांचा बँड वाद्यांसह एका गाडीत मावतो आणि त्यांच्यातलाच कोणीतरी ती चालवतो. अकरा वादक आणि एक ध्वनितंत्रज्ञ असे आम्ही बारा जण, त्यामुळे आम्हाला दोन गाड्या लागतात. झोपण्याचे कप्पे असलेली मोठी बस घ्यावी तर तिला व्यावसायिक चालक लागतो. साडेचार तास गाडी चालवली की त्याला कायद्याने पाऊण तास थांबावे लागते आणि साधारणपणे दिवसाला नऊ तासांहून अधिक चालवता येत नाही. तो नियम योग्यच आहे, पण त्या बसचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून एक गाडी भाड्याचा चालक चालवतो आणि दुसरी आमचा बासवादक, नागपूरच्या आरटीओतून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर.

प्रत्येक थांब्यानंतर निघताना ऑर्गनवाला दोन्ही गाड्यांच्या दारात उभा राहून डोकी मोजतो. झाडीपट्टीच्या गाडीतली ही सवय त्याने आम्हा सगळ्यांना लावली. तो याला ‘गिनती’ म्हणतो आणि गिनती पूर्ण झाल्याखेरीज गाडीची किल्ली कोणाच्या हाती देत नाही. पहिल्या आठवड्यात ड्रमरला याचा राग येत असे. पुढे एका पेट्रोल पंपावर तो स्वतःच तोंड धुवायला गेलेला राहिला होता आणि गिनतीमुळेच ते कळले, तेव्हापासून तो मुकाट्याने हात वर करतो.

पैशांचा हिशेबही सरळ सांगते, कारण परदेश दौरा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र असते. लहान सभागृहात चांगल्या रात्री आम्हाला 1800 युरो मिळत. त्यातून दोन गाड्यांचे भाडे, डिझेल, चालकाचा रोज आणि विमानाच्या तिकिटांचा त्या दिवसाच्या वाट्याला येणारा हिस्सा वजा केला की हातात 420 युरो उरत. आम्ही त्याचे बारा वाटे करत असू, म्हणजे दर वाट्याला 35 युरो, तेव्हाच्या दराने सव्वातीन हजारांच्या आत-बाहेर. आमची संख्या मोठी असल्याचा फायदा एकाच ठिकाणी झाला. जर्मनीत परदेशी कलावंताच्या मानधनातून 15 टक्के कर आणि त्यावर अधिभार कापला जातो, पण एका कार्यक्रमाचे मानधन दर कलावंतामागे 250 युरोंच्या आत असेल तर कापत नाहीत. आम्ही इतके जण होतो की तो आकडा आम्ही कधी गाठलाच नाही.

बारा वाटे कशाचे, हे सांगायला हवे. 2023 च्या दौऱ्यात आम्ही वादक दहाच होतो, आणि अकरावा तंत्रज्ञ.

मास्तरांना व्हिसा मिळाला नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी आम्ही अकराही जण दुरांतोने मुंबईला गेलो होतो, आणि मास्तर त्या दिवशी कोरा पांढरा शर्ट घालून, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आले होते. पण त्यांच्या कागदांत पगाराची चिठ्ठी नव्हती आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र नव्हते. बँकेच्या पुस्तकात लग्नसराईत थोडे पैसे येत आणि चातुर्मासात निघून जात. चाळीस वर्षे वरातीत वाजवणाऱ्या माणसाला पैसे रोखच मिळतात. नकाराच्या छापील कागदावर अनेक कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या कारणासमोर खूण केलेली असते. मास्तरांच्या कागदावरची खूण या कारणासमोर होती की व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल याविषयी वाजवी शंका आहे. मी तो इंग्रजी मजकूर त्यांना मराठीत समजावून सांगितला. इतवारीत ज्यांच्या तीन पिढ्या एकाच गल्लीत राहिल्या आहेत, ते मास्तर कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, “मी कुठं जाईन वो पोरी? दिवाळीनंतर सुपाऱ्या घेऊन ठेवल्या आहेत ना मी.”

त्यांचा आवाज रेकॉर्ड करून नेण्याची कल्पना त्यांचीच. “मी नाही आलो तं काय झालं? माहा आवाज घेऊन जा.” सक्करदऱ्यातील एका मंगल कार्यालयाच्या मागे, मोठी पातेली आणि सतरंज्या ठेवण्याच्या खोलीत आम्ही सराव करतो. जूनचा दुसरा आठवडा होता, नवतपा उलटून गेला होता, तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि पत्र्याच्या छपराखाली दुपारी चारला उभे राहवत नव्हते. मायक्रोफोन लावला आणि आवाज येऊ नये म्हणून कूलर बंद केला. मास्तरांनी तोच तुकडा नऊ वेळा वाजवला. दहाव्या वेळेपूर्वी त्यांना धाप लागली, म्हणून मीच उठून कूलर लावला आणि पाच मिनिटे बसायला सांगितले. ते बसले नाहीत. कूलर चालू असतानाच त्यांनी वाद्य उचलले, आणि तो दहावा टेक इतका सुंदर आला की पुन्हा घेऊ या असे म्हणायला कोणाचा जीव झाला नाही.

ज्या गाण्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्याच्या शेवटी सगळी वाद्ये थांबतात आणि युफोनियमचा एकच खर्जातला सूर उरतो. मास्तर तो सूर सोडतील तेव्हा आम्ही सगळे एकदम परत यायचे, अशी ती बांधणी आहे. ते कधी लवकर सोडतात, कधी गायिकेकडे पाहत धरून ठेवतात. दहाव्या टेकमध्ये तो सूर 14 सेकंद टिकला होता.

हॅम्बुर्गमध्ये पहिला कार्यक्रम झाला. मंच इतका लहान होता की माझ्या व्हायोलिनच्या कमानीचे टोक बासच्या मानेला लागत होते, आणि तिथल्या मिक्सरवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, सोळाच वाहिन्या होत्या. आमच्या यादीत चोवीस. अशा वेळी तंत्रज्ञ आधी ड्रमचे माइक कमी करतो, मग ट्रंपेटचे काढून घेतो, कारण वरातीत जनरेटरच्या आवाजावर मात करायला शिकलेल्या माणसांना लहान सभागृहात माइक लागतच नाही. मास्तरांना मात्र दोन वाहिन्या दिल्या होत्या, लॅपटॉपमधून येणाऱ्या. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी लॅपटॉपची टिकटिक, चालू होता, म्हणजे आम्हा सगळ्यांची चाल त्या रात्री लॅपटॉपने बांधून ठेवली होती. शेवटी सगळे थांबलो, आणि मास्तरांचा सूर सुरू होण्यापूर्वीच्या अर्ध्या क्षणात, सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांमधून सक्करदऱ्याच्या कूलरची घरघर ऐकू आली. प्रेक्षकांना ती वाद्याचाच भाग वाटली असेल. मला मात्र कूलरच्या ओल्या ताट्यांचा वास आला. मग सूर आला, 14 सेकंद टिकला, संपला, आणि आम्ही वेळेवर परत आलो. टाळ्या चांगल्या झाल्या. गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या रात्री ब्रेमेनमध्ये पुन्हा तसेच झाले. पुन्हा 14 सेकंद. त्या रात्री गायिका फार मन लावून गायली होती आणि मास्तर समोर असते तर त्यांनी तो सूर नक्की आणखी लांबवला असता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तिने सवयीने उजवीकडे पाहिलेही. तिथे स्पीकर होता.

तिसऱ्या दिवशी ग्रोनिंगनकडे जाताना थोरल्या ट्रंपेटवाल्याने सांगितले की लॅपटॉप बंद करा. त्या जागी काय वाजवायचे असे ड्रमरने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काहीच नाही. जागा ठेवू.” त्या रात्री शेवटी सगळे थांबलो आणि सभागृहात काहीच वाजले नाही. आम्ही मास्तरांच्या श्वासाच्या अंदाजाने थांबलो आणि ट्रंपेटवाल्याच्या खांद्याच्या हालचालीवर परत आलो. ती शांतता प्रत्येक रात्री वेगळ्या लांबीची असे.

मग वाट्याचा प्रश्न आला. लॅपटॉप चालू होता तोवर मास्तरांचा वाटा काढण्याविषयी कोणाची तक्रार नव्हती, कारण त्यांचा आवाज वाजत होता. आता तोही वाजत नव्हता. ड्रमरने हा प्रश्न मोकळेपणाने विचारला, आणि त्याने तो विचारला हे चांगलेच झाले, कारण न विचारलेले प्रश्न दौऱ्यात गाडीच्या डिकीत साठत जातात. त्याची मिहानमधली नोकरी बिनपगारी रजेवर होती आणि 35 युरोंचे 38 झाले असते तर त्याला तेवढाच हातभार लागला असता. उत्तर धाकट्या ट्रंपेटवाल्याने दिले, ज्याच्या घरी पाच महिने सुपारी येणार नव्हती. “जागा त्यांचीच ठेवली ना आपण? मग वाटा बी त्यांचाच.” बारा वाटे शेवटपर्यंत राहिले.

नागपूरला परतल्यावर लोक जे विचारतात ते बहुधा इफेल टॉवरविषयी असते. दौऱ्यातला दिवस म्हणजे खरे तर वाट पाहणे. सकाळी गाडीत बसून दुपारपर्यंत चालायचे, सामान उतरवायचे आणि साउंडचेकची पाळी येईपर्यंत थांबायचे. महोत्सवात तर साउंडचेकच नसतो. आधीचा बँड उतरल्यापासून तुमचा पहिला सूर लागेपर्यंत अर्धा तास मिळतो, आणि तेवढ्यात अकरा माणसांच्या चोवीस वाहिन्या जोडून प्रत्येकीत आवाज येतो की नाही एवढेच तपासायचे. चार जणांचा बँड यात दम खातो, आम्ही धावत असतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात हे आम्हाला एका रविवारीच कळले, आणि त्या दिवशी सगळ्यांनी ऑर्गनवाल्याच्या पिशवीतले भाजलेले पोहे आणि शेंगदाणे खाल्ले. झाडीपट्टीत फिरणारा माणूस खाण्याचे असे काही जवळ ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. धाकट्या ट्रंपेटवाल्याला युरोपातल्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी अस्वस्थ करत. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, आम्ही मंचावर, आणि समोर लख्ख उजेड. वरातीत डोक्यांवर दिवे आले म्हणजे वाजवायला जोर चढतो, असे तो सांगे. इथे दिवे लागायच्या आत कार्यक्रम संपत होता.

चार जणांनीच का जात नाही, असे मला नागपुरात पुष्कळ जण विचारतात, आणि ते आपुलकीनेच विचारतात. बाकीची वाद्ये लॅपटॉपमधून वाजवता येतात, अनेक चांगले बँड तसेच करतात, आणि त्यात फसवणूक काही नाही. पण हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनच्या त्या दोन रात्रींनंतर मला तो प्रश्न हिशेबाचा वाटत नाही. लॅपटॉपमधल्या मास्तरांचा आवाज तंतोतंत त्यांचा होता. मात्र त्यांना गायिका दिसत नव्हती आणि आम्ही ऐकू येत नव्हतो.

पुढच्या वर्षी मी कागदांचे काम हिवाळ्यातच सुरू केले. माझ्या मावसभावाने मास्तरांची विवरणपत्रे भरून दिली. लग्नघरांकडून धनादेश घ्यायचे म्हणजे अपमान वाटतो असे ते म्हणत, पण त्या हंगामात त्यांनी ते घेतले. 2024 च्या जूनमध्ये त्यांचा व्हिसा आला.

वाद्याचे काम त्याहून अवघड निघाले. परदेशात वाद्ये तात्पुरती नेऊन परत आणायची असतील तर कार्नेट काढावे लागते. आपल्याकडे ते फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडून मिळते, त्याची मुदत वर्षभराची असते आणि त्याच्या यादीत प्रत्येक वस्तूचे नाव, वजन, किंमत आणि ओळख पटेल अशी खूण लिहावी लागते. विकायच्या वस्तू त्यात चालत नाहीत, म्हणूनच आमचे टीशर्ट आम्ही तिकडेच छापून घेतो. गिटारवर कारखान्याचा क्रमांक असतो. मास्तरांचे युफोनियम मीरतच्या जाली कोठीतले आहे, जिथे देशभरातल्या बँडपार्ट्यांची वाद्ये पिढ्यान्‌पिढ्या घडतात, आणि त्यावर क्रमांक कधी असलाच तर तो चाळीस वर्षांच्या हाताळणीत पुसून गेला होता. मास्तर ते वाद्य घेऊन इतवारीच्या भांडेबाजारात एका कारागिराकडे गेले. लग्नात भेट द्यायच्या भांड्यांवर नावे घालण्याचे काम करणाऱ्या त्या माणसाने एक एक ठोका मारत घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, आतल्या कडेला चार आकडे उमटवले. कोणते आकडे घालू, असे त्याने विचारले तेव्हा मास्तरांनी त्यांच्या लग्नाचे साल सांगितले.

स्वित्झर्लंड शेंगेन या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या क्षेत्रात आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही. त्यामुळे बाझलच्या सीमेवर माणसे थांबत नाहीत, वाद्ये थांबतात. अधिकारी बाईंनी यादीतल्या चार-पाच वस्तू उघडून दाखवायला सांगितल्या आणि त्यांत युफोनियम होते. मास्तरांनी पेटी उघडली. बाईंनी यादी पाहिली, वाकून घंटेच्या आतून बोट फिरवले आणि आकडे बोटानेच वाचले: 1, 9, 8, 9. मग कार्नेटवर शिक्का मारला. मास्तरांनी पेटी बंद करताना खिशातल्या रुमालाने ती कड पुसली.

त्या रात्रीचा कार्यक्रम बाझलमध्येच होता. स्वित्झर्लंडमध्ये आवाजाची तासाभराची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही असा कायदा आहे, आणि 93 च्या वर जाणार असेल तर प्रेक्षकांना कानातले बोळे फुकट द्यावे लागतात. दारातच त्यांची टोपली होती. मास्तरांनी त्यातली एक जोडी उचलली, न्याहाळली आणि नातवासाठी खिशात ठेवली. साउंडचेकला त्यांनी माइक नको म्हणून सांगितले.

शेवटचे गाणे आले. ड्रमरच्या कानात त्या रात्री क्लिक नव्हता, तो त्याने स्वतःच काढून ठेवला होता. सगळे थांबलो आणि मास्तरांचा सूर सुरू झाला, खालून, जमिनीतून यावा तसा. गायिकेने उजवीकडे पाहिले. मास्तर तिच्याकडेच पाहत होते, गाल फुगलेले, कपाळावर घाम. मी सवयीने मनात मोजत होते. दहा झाले, बारा झाले, चौदा झाले, आणि ड्रमरने काड्या अजून खाली आणल्या नव्हत्या.